शिराझच्या बागेतला पाद्री

लहानपणी अब्बा चाळीस दिवसांच्या चिल्ल्यासाठी जमातीत निघाले की अम्मी त्यांची वळकटी बांधून द्यायची. मोहल्ल्यातले लोक येऊन दुआ करायला सांगत. अब्बा गल्लीच्या टोकाशी वळले की ती दार लोटून घ्यायची आणि त्या दिवशी फारसे बोलायची नाही. धर्माची हाक ऐकून घर सोडणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हापासून कुतूहल आहे, आणि मागे राहणाऱ्याबद्दल जरा जास्तच. म्हणून हेन्री मार्टिन या इंग्रज मिशनऱ्याचे चरित्र हाती आले तेव्हा ते खाली ठेववेना. हा माणूस मुसलमानांना ख्रिस्ती करायला निघाला होता, हे ठाऊक असूनही.

मार्टिनचा जन्म १७८१ सालचा, कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावचा. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८०१ साली तो पहिला आला. वकील व्हायचा विचार होता. पण वडिलांच्या मृत्यूनंतर मन धर्माकडे वळले, आणि बंगालमधल्या विल्यम केरींच्या कामाची माहिती ऐकून परदेशी मिशनरी होण्याचे ठरले. पुढे कुटुंबाचा पैसा बुडाला, अविवाहित बहिणीचा भार अंगावर आला. मग त्याने ईस्ट इंडिया कंपनीची चॅप्लेनची, म्हणजे पगारी पाद्र्याची नोकरी धरली. हे विसरून चालणार नाही. त्याची हाक वरून आली असेल, पगार मात्र कंपनीचा होता.

कॉर्नवॉलमध्ये लिडिया ग्रेनफेल ही त्याची प्रिय व्यक्ती मागे राहिली. १८०६ साली तो कलकत्त्याला पोचला आणि तिथून तिला पत्र लिहून बोलावले. तिने नकार दिला. पत्रे मात्र चालू राहिली.

दानापूर आणि कानपूरच्या छावण्यांत नोकरी करता करता मार्टिनने नवा करार हिंदुस्तानीत, म्हणजे आजच्या उर्दूत आणला. या कामात मिर्झा फितरत यांची मदत होती. फारसी भाषांतरासाठी साबात नावाचा एक अरब जोडीला होता. हा गृहस्थ ख्रिस्ती झालेला, तापट, आणि पुढे पुन्हा इस्लामकडे परतून ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिणारा. त्याच्या फारसीत अरबी शब्दांची इतकी गर्दी होती की कलकत्त्याच्या जाणकारांनी ते काम नापसंत केले. मार्टिनला तेव्हा क्षयाने गाठले होते. हवापालटासाठी मायदेशी जायची संधी होती. त्याने आधी इराण गाठायचे ठरवले. फारसी चुकली असेल तर ती फारसी बोलणाऱ्यांच्या घरी बसून दुरुस्त करायची, एवढा साधा हिशेब.

वाटेत मुंबई लागली. फेब्रुवारी १८११. जहाजावर सोबतीला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते, ते रेसिडेंट म्हणून पुण्याला निघालेले. मुंबईत इराण पाहून आलेल्या जॉन माल्कमनी त्याला शिफारसपत्रे दिली आणि मुल्ला फिरोज या विद्वान पारशाशी त्याच्या धर्मचर्चा झाल्या. महिनाभरात तो पुढे गेला. दोन वर्षांनी याच बंदरात अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, मार्टिन मात्र आपल्या इतिहासातून नुसता चालत गेला.

जून १८११ मध्ये, दाढी वाढवून, इराणी पोशाख घालून तो शिराझला पोचला. जाफर अली खान यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. पाहुणा कशासाठी आलाय हे त्यांना माहीत होते. त्यांचे मेहुणे मिर्झा सय्यद अली यांनी भाषांतराला हात दिला. उन्हाळा वाढला तेव्हा यजमानांनी शहराबाहेरच्या बागेत, द्राक्षवेलींमध्ये, ओढ्याच्या काठी त्याच्यासाठी तंबू ठोकला. तिथे एक सय्यद आणि एक पाद्री शेजारी बसून इंजील फारसीत उतरवत होते. शब्द सय्यद अलींचे, आग्रह मार्टिनचा.

शहरातले मुल्ला वाद घालायला येत. त्यांच्यातले मान्यवर मिर्झा इब्राहिम यांनी कुराण हाच मोजिझा कसा, यावर अरबीत एक पुस्तिका लिहिली. मार्टिनने फारसीत उत्तर दिले. पुढे १८२४ साली केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल ली यांनी हे सगळे वादंग इंग्रजीत छापले. आपल्याकडे मुनाझरा म्हटले की आता आरडाओरडच आठवते. इथे वार लेखणीचे झाले आणि पाहुणा पाहुणाच राहिला.

चित्र फार गोंडस करण्यात मात्र अर्थ नाही. मार्टिनच्या रोजनिशीत इस्लामबद्दल कडवट मजकूर भरपूर आहे, तो वाचताना मला टोचतो. शिफारसपत्रांमागे कंपनीची ताकद होती, हेही खरे. एखादा फाटका फकीर असे बोलता तर त्याला बाग मिळाली असती का? माझ्यापुरते सांगायचे तर मला सय्यद अली जास्त मोठे वाटतात. ते आयुष्य उधळून कुठे गेले नाहीत. आपल्या धर्माच्या विरोधात वापरला जाणार असलेला ग्रंथ त्यांनी चांगल्या फारसीत व्हावा म्हणून महिनोन्‌महिने कष्ट घेतले. असे करायला श्रद्धा कमी लागते की जास्त, यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे.

फेब्रुवारी १८१२ मध्ये नवा करार पुरा झाला. तो शाहला भेट द्यायला मार्टिन उत्तरेकडे निघाला. वाटेत छावणीत वजिरासमोर त्याला कलमा म्हणायला सांगितले. त्याने ईसा खुदाचा पुत्र असल्याचे सांगितले. दरबारी संतापले, शाहची भेट झाली नाही. तबरीझला तो तापाने पडला. ब्रिटिश राजदूत गोर ऊसली यांनी पुढे ती प्रत फतेह अली शाहपर्यंत पोचवली. १८१५ साली ग्रंथ पीटर्सबर्गला छापला गेला.

ते पाहायला मार्टिन नव्हता. तुर्कस्तानमार्गे घरी निघालेला तो १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तोकात गावी गेला, वय एकतीस. आर्मेनियन ख्रिस्त्यांनी त्याला दफन केले. लिडियाला त्याने शेवटचे पत्र ऑगस्टमध्ये तबरीझहून लिहिले होते. त्याच्या मृत्यूची बातमी कॉर्नवॉलला पोचायला पुढचे वर्ष उजाडले. लिडियाने लग्न केले नाही. ती १८२९ साली वारली.