तेज कोणाचें?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनि-शिंगणापूर येथें शनिदेवाची काळी शिळा उघड्या चबुतऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाहीं. शनिवारीं अमावास्या आली म्हणजे तेथें यात्रेकरूंची रीघ लागते. ज्याच्या नांवें ही यात्रा भरते, तो आकाशांतील शनि मात्र स्वतःच्या तेजानें चमकत नाहीं. सूर्याचें तेज उसनें घेऊनच तो दृष्टीस पडतो.

स्वतःचें तेज कोणाचें आणि उसनें कोणाचें, हा भेद मनुष्यास सहजासहजीं उमगला नाहीं. नवग्रहांत सूर्य, चंद्र आणि शनि एकाच पंक्तीस बसले. कारण तारकांमधून जो सरकतो तो ग्रह, हीच प्राचीनांची मुख्य कसोटी होती. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें आपल्या 'आर्यभटीय' ग्रंथांत सांगितलें कीं, ग्रहगोलांचा सूर्यासमोरील अर्धाच भाग उजळतो. चंद्रकलांचें कोडें त्यानें सुटतें. परंतु तोच नियम त्यानें ताऱ्यांनाहि लावला! एवढ्या थोर गणितज्ञाची येथें चूक व्हावी, याचें नवल नको. तारा हा डोळ्यांना केवळ एक बिंदु. त्याचें तेज पारखण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें.

तें साधन १८५९ च्या सुमारास किर्खोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. प्रकाशाचा वर्णपट पाडला असतां त्यांतील रेषांवरून तो कोणत्या द्रव्यांतून आला हें कळतें. चंद्राच्या वर्णपटांत सूर्याच्याच रेषा उमटतात; ताऱ्यांच्या वर्णपटांत त्यांच्या स्वतःच्या. चंद्र ऋणको ठरला, तारे स्वयंप्रकाशी ठरले.

या विद्येचा एक मोठा प्रयोग नगरच्या शेजारींच झाला. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें तालुक्यावरून गेली. तेथील जेऊर स्टेशनाजवळ (नगर तालुक्यांतील जेऊर तें निराळें) अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याच्या वेधशाळेचे प्रो. कावसजी दादाभाई नेगमवाला दुर्बिणी मांडून बसले होते. खग्रास स्थिति जेमतेम दोन मिनिटें टिकली. सूर्यबिंब झांकतांच त्याच्या कडेवरील तप्त वायूंच्या तेजस्वी रेषा क्षणभर उजळतात; त्यांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. काळ्या चंद्राच्या आडून सूर्याचें स्वतःचें तेज असें बोलकें झालें.

मग हा भेद आकारावरून ठरतो काय? नाहीं. शनीचा उपग्रह टायटन बुध ग्रहाहून मोठा आहे. तरी तो शनीभोंवतीं फिरतो, म्हणून उपग्रहच. सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारें आठ टक्के तरी वस्तुमान असेल, तरच गोलाच्या गर्भांत हायड्रोजनचें हेलियम होत राहतें आणि तो तारा बनतो. सूर्याच्या गर्भांतील उष्णता सुमारें दीड कोटि अंश आहे. चंद्राजवळ अशी भट्टी नाहीं, शनीजवळहि नाहीं. सूर्य हाहि एक ताराच. तो जवळ म्हणून प्रखर. त्याचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोंचतो. त्याच्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या प्रकाशास सव्वाचार वर्षें लागतात.

निरभ्र रात्रीं, शनि उगवलेला असतांना, शिंगणापूरच्या अंगणांतून वर पाहावें. तारे लुकलुकतात, शनि बहुधा शांत दिसतो. त्याच्या मुखावरील तें तेज दिवसा त्याच अंगणांत पडणाऱ्या उन्हाचेंच असतें.