गावचा रेडिओ, गावचा टीव्ही आणि घरचा मोबाइल

शिक्षणात तंत्रज्ञान आले ते मोबाइलबरोबर, असा आपल्या तरुण पोरांचा समज आहे. पण आपल्या देशात यंत्राच्या मदतीने शिकवण्याचे प्रयोग साठ-सत्तर वर्षांपूर्वीच झालेले आहेत, आणि त्यातला एक मोठा प्रयोग तर आपल्याच मराठी मुलखात, पुण्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत झाला. वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत तो इतिहास मांडावा असे वाटले, त्याला कारण आहे. वर्धापन दिनाच्या निधीतून विहाराच्या अभ्यासिकेसाठी काय घ्यायचे यावर समितीत दोन मते आहेत. कोणी म्हणतो, हुशार विद्यार्थ्यांना एकेक टॅब देऊन टाका. कोणी म्हणतो, अभ्यासिकेतच चार संगणक बसवा. वाद चांगला रंगला आहे. वाद जरूर करावा, पण आधी काय घडून गेले तेही माहीत असावे.

पहिली हकीकत १९५६ ची. ज्या वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत एक प्रयोग सुरू केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात रेडिओ आणि त्याभोवती विसेक माणसांचे एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम व्हायचा. शेती, आरोग्य, गावचे प्रश्न असे विषय असत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने बोलायला बसायचे. जे ऐकले ते आपल्या गावात चालेल का, कोणी करून बघणार का, अडचण काय येईल? एकजण ते लिहून घ्यायचा आणि पत्राने रेडिओ केंद्राला कळवायचा. गावकऱ्यांच्या शंकांना मग पुढच्या कार्यक्रमातून उत्तर मिळायचे. असे वीस कार्यक्रम झाले. एप्रिलअखेर प्रयोग संपला.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. प्रमुख होते पॉल न्यूराथ नावाचे अभ्यासक. त्यांनी केलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी नुसती मंडळाची गावे तपासली नाहीत. ज्या गावात रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी काही गावे घेतली, आणि ज्या गावात रेडिओच नाही अशीही काही घेतली. तिन्ही प्रकारच्या गावांत लोकांना आधी प्रश्न विचारले, नंतर पुन्हा विचारले. निकाल काय आला? मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ अगदीच थोडी. म्हणजे रेडिओ दोन्हीकडे तोच, आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने.

गिरणीत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. साचेखात्यात नवा साचा आला म्हणजे कापड आपोआप निघत नाही. तो चालवायला शिकवणारा लागतो, बिघडला तर हात घालणारा फिटर लागतो, सुटे भाग भांडारात असावे लागतात. नाहीतर लाखाचा साचा चार दिवसांत भंगार. आणि आम्ही दुसरेही एक पाहिले आहे. नवीन साचा आला की जुन्या चार माणसांची गरज संपते. तेव्हा यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा उरलेला अर्धा.

खेड्यात तर हा प्रश्न फारच जवळचा. गावासाठी म्हणून आलेला रेडिओ पाटलाच्या वाड्यात ठेवला तर आपल्या वस्तीतल्या माणसाने तो ऐकायचा कुठून? उंबऱ्याबाहेर उभा राहून! गावकीत वाढलेल्या आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावे लागत नव्हते. संच कोणत्या जागेत ठेवला, यावरच तो कोणाचा हे ठरते.

ही गोष्ट ज्या प्रयोगात नीट ध्यानात घेतली गेली, तो म्हणजे १९७५-७६ चा उपग्रह दूरदर्शन प्रयोग. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट' म्हणत. कल्पना विक्रम साराभाईंची. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्या शहरापासून सुरुवात करून हळूहळू खेड्याकडे जायचे, तर खेड्याचा नंबर लागेपर्यंत दोन पिढ्या जातील. मग आकाशातूनच सरळ खेड्यात का उतरू नये? १९६९ साली भारताच्या अणुऊर्जा खात्याने अमेरिकेच्या नासाशी करार केला. नासाने आपला 'एटीएस-६' हा उपग्रह एक वर्षासाठी वापरायला द्यायचा. कार्यक्रम, संच, देखभाल सगळे भारताने करायचे. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात वारले. त्यांना हे बघायला मिळाले नाही. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक यश पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम तडीस नेले. हे यश पाल मूळ आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले.

१ ऑगस्ट १९७५ ला प्रक्षेपण सुरू झाले. सहा राज्ये निवडली होती: राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. त्यांच्या वीस जिल्ह्यांतली सुमारे २,४०० गावे. महाराष्ट्र त्यात नव्हता; पण मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत होते. गावे मुद्दाम मागास भागातली घेतली होती. त्यांतल्या कितीतरी लोकांनी त्याआधी सिनेमासुद्धा पाहिला नव्हता. टीव्हीचे संच हैदराबादच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात बनवले. आकाशातून संदेश पकडायला दहा फुटी तबकडी लागे, ती केली कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. स्वस्त, हलकी, आणि वाकली तर गावातला माणूसही सरळ करील अशी. छत्तीस हजार किलोमीटरवरचा अमेरिकन उपग्रह आणि खाली खुराड्याची जाळी! श्रीलंकेत राहणारे लेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच अशा उपग्रहांची कल्पना मांडली होती. इस्रोने त्यांच्या कोलंबोच्या घरीही असा एक संच नेऊन बसवला. प्रयोगाची गावे सोडून ज्यांना हा मान मिळाला ते बहुधा तेवढेच.

आता महत्त्वाचे. हे संच कोणाच्या घरात दिले नाहीत. शाळा, पंचायतीची इमारत, अशा सार्वजनिक जागीच ठेवले. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम. त्यात हिंदी, कन्नड, उडिया, तेलुगू अशा चार भाषा, प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे. एका चित्राबरोबर दोन भाषांतला आवाज पाठवायची सोय होती. त्यामुळे आंध्र आणि कर्नाटकातली गावे तेच चित्र आपापल्या भाषेत ऐकू शकत. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन, गाणी-नाटके आणि बातम्या. ते दिवस आणीबाणीचे होते. प्रयोग सुरू होण्याच्या पाचच आठवडे आधी ती पुकारली गेली होती. तेव्हा बातम्यांत सरकारचा डंका वाजत असणार हे सांगायला नको. उपग्रह एकाच हातात असला की असे होते, हेही इतिहासातच धरावे.

संध्याकाळी सुरुवातीला नवलाईने गर्दी लोटली. पुढे ती कमी होऊन सरासरी शंभरेक माणसांवर स्थिरावली. बघणारे कोण होते? बरेचसे भूमिहीन मजूर, लहान शेतकरी, निरक्षर. ज्यांच्या हातात कधी वर्तमानपत्र गेले नाही, अशांना या यंत्राचा फायदा जास्त झाला. तपासणीत असेही दिसले की माहितीची वाढ शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. का होणार नाही? शिकलेल्याला दुसरीकडूनही कळते. बाईला चूल आणि पाणवठा सोडून कोण सांगणार?

मुलांच्या बाबतीत निकाल संमिश्र आहे आणि तो लपवू नये. टीव्ही बसवला म्हणून शाळेत मुलांची संख्या वाढली नाही, गळतीही थांबली नाही. आणि थांबणार तरी कशी? गुरे राखायला आणि धाकटी भावंडे सांभाळायला जाणारे पोर पडद्यावरचा हत्ती बघायला रोज येऊ शकत नाही. त्याच्या घरची भूक यंत्राने भागत नाही. पण जी मुले येत होती त्यांची भाषा सुधारली, शब्द वाढले, प्रश्न विचारण्याची आणि इतर ठिकाणाहून माहिती मिळवण्याची हौस वाढली. हा काही लहान फायदा नव्हे.

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठे काम मुलांचे नव्हतेच, ते शिक्षकांचे होते. शाळेच्या सुट्ट्यांत दोन वेळा मिळून जवळपास ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे बारा-बारा दिवसांचे शिक्षण दिले गेले. मास्तर त्याच टीव्हीसमोर बसले. सोबत रेडिओचे कार्यक्रम, हाताने करायचे प्रयोग, छापील पुस्तिका आणि त्यांच्यातलाच एक प्रशिक्षित मार्गदर्शक. गावातल्याच डबा-बाटली-दोऱ्यावर विज्ञान शिकवायचे. एवढ्या शिक्षकांना शहरात बोलावून शिकवायचे म्हटले असते तर किती वर्षे गेली असती, हिशेब करा. आणि एक मास्तर शिकला की त्याच्या हाताखालून पुढे शेकडो पोरं जातात. उपग्रह गेला तरी मास्तर गावातच राहतो.

उपग्रह खरोखरच गेला. ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपले आणि करारानुसार नासाने तो परत नेला. त्या वर्षभरात बहुतेक संच चालू राहिले, कारण दुरुस्तीची माणसे, जीपगाड्या, सुटे भाग यांची व्यवस्था आधीच लावलेली होती. पुढे जयपूर, रायपूर, गुलबर्गा, संबलपूर, मुझफ्फरपूर, हैदराबाद इथे जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे आली. पण त्यांच्या टप्प्यात जुन्या गावांपैकी सुमारे चाळीस टक्केच बसत होती. बाकीच्यांचा पडदा काळा झाला.

त्यानंतर भारताचे स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले आणि शाळेचे कार्यक्रम मराठीतही सुरू झाले. त्यासाठी १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजच्या मुलांसाठीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. ते भर दुपारी, आणि बहुतेक इंग्रजीत! आमच्या चाळीत ते लागले की म्हाताऱ्या टीव्ही बंद करून झोपत. पण खरा बदल दुसराच होता. १९८२ च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही आला, मालिका आल्या, आणि टीव्ही गावचा न राहता घरचा झाला. ज्याच्या खोलीत संच त्याच्या दारात आम्ही पोरं उभी राहायचो. खोलीवाल्याचा मूड असेल तर आत, नसेल तर दार बंद. १९८२ च्या संपानंतर कोणाच्या घरी टीव्ही घ्यायला पैसा होता, आणि कोणाच्या नव्हता, हे गिरणगावातल्या माणसाला माहीत आहे.

२००४ साली खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडला. पुढे पाठ्यपुस्तकांवर चौकोनी ठिपक्यांचे कोड छापून आले, मोबाइल धरला की धडा दिसतो. साधन दर दहा वर्षांनी सुधारत गेले यात शंका नाही. मात्र ते दर वेळी आणखी लहान होत गेले, आणि शेवटी एका माणसाच्या खिशात जाऊन बसले.

खिशातल्या साधनाचे काय होते ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी पाहिले. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. आपल्या वस्तीत कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो बाप कामाला जाताना घेऊन जाणार. घरात भाऊ-बहीण दोघांचा वर्ग एकाच वेळी असेल तर फोन कोणाच्या हातात गेला, ते मी सांगायची गरज नाही. एका शाळेने तर हजेरी लागली नाही म्हणून मुलीचे नाव पटावर ठेवायचे की नाही असे विचारायला घरी माणूस पाठवला होता. त्या वेळी मुलांसाठी मराठीत टीव्हीवरचे धडे हवे होते. पण बालचित्रवाणी तर तीन वर्षे आधी, २०१७ सालीच बंद झालेली. मग २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. इंटरनेट नको, रिचार्ज नको. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा साध्या टीव्हीकडेच यावे लागले.

समितीतल्या टॅबच्या बाजूच्या बंधूंचा मुद्दा मी खोटा म्हणत नाही. रात्री अकरा वाजता मुलाला काही बघायचे असेल तर अभ्यासिका बंद असते, हे खरे आहे. परंतु हुशार मुलांना टॅब म्हणजे ज्यांना आधीच गुण मिळतात त्यांना आणखी साधन. आणि दोन वर्षांनी बॅटरी गेली की नवी बॅटरी त्याच्या आईने धुणीभांडी करून आणायची. अभ्यासिकेत चार संगणक ठेवले तर ते दहावीत नापास झालेल्या पोरालाही मिळतील आणि सासरी जाचाला कंटाळून माहेरी आलेल्या लेकीलाही. माझी सूचना अशी की, निधीतला एक भाग दुरुस्तीसाठी बँकेत वेगळा ठेवावा, त्याला कोणी हात लावू नये. वस्तीतल्या दोन पदवीधर मुलामुलींना शिकवण्याचे मानधन द्यावे. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ फक्त मुलींची ठेवावी, म्हणजे घरच्यांचीही तक्रार राहणार नाही. आणि अभ्यासिकेची किल्ली एकाच पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवू नये. तीन किल्ल्या कराव्यात, त्यातली एक महिला मंडळाकडे.