मालकाला सांगावे कधी?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये दुर्मीळ वनस्पती, पक्षी वा भूस्तर असलेल्या जागा राखण्याचा प्रश्न कायद्यापुढे आला. त्यांतील कितीतरी जागा खाजगी मालकीच्या होत्या. १९४९ च्या कायद्याने त्यांना 'विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ' असा दर्जा दिला. मात्र हा दर्जा कळवायचा तो स्थानिक नियोजन प्राधिकरणाला. मालकाला कळवण्याचे बंधन नव्हते! त्यातच १९४७ च्या नियोजन कायद्याने शेतीला परवानगीतून वगळलेले. साहजिकच कुरण नांगरणाऱ्याला आपण काय गमावतो आहोत याची गंधवार्ताही नसे, आणि असली तरी त्याला अडवणारे कोणी नव्हते.

१९८१ च्या कायद्याने मालकाला कळवणे सक्तीचे केले. पण घोषणेआधी हरकतींसाठी तीन महिने ठेवले आणि त्या काळात कसलाही निर्बंध घातला नाही. म्हणजे ज्याला नांगर फिरवायचाच होता, त्याला सरकारनेच मुहूर्त काढून दिला. ही पळवाट १९८५ च्या दुरुस्तीने बुजवली. त्यानंतरही मालकाने चार महिन्यांची सूचना दिली आणि तेवढ्यात करार झाला नाही, तर तो सहसा मोकळाच. करार करायचा तर बुडालेल्या नफ्याची भरपाई सरकारने द्यायची. न केलेल्या नुकसानीचे पैसे मोजण्याची ही रीत मला तरी विचित्र वाटते. अर्थात शेतकऱ्यांचा रागही निराधार नव्हता. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवर कोणी परका येऊन अटी घालतो, हे त्यांना सहन होईना. सॉमरसेटमधील वेस्ट सेजमूर या पाणथळ कुरणांत १९८३ साली निसर्गसंरक्षण अधिकाऱ्यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या.

कायद्याचे खरे रूप उघडे पडले ते १९९२ साली. आइल ऑफ वाइट बेटावरील अल्व्हरस्टोनच्या दलदलीत सदर्न वॉटर या जलसंस्थेने निचऱ्याचे चर खणले होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की काही आठवड्यांपुरती आलेली संस्था जमिनीची 'भोगवटादार' ठरत नाही, सबब तिच्यावर गुन्हा नाही. लॉर्ड मस्टिल यांनी त्याच निकालात या व्यवस्थेला दंतहीन म्हटले.

दात आले ते २००० च्या कायद्याने, आणि तेही इंग्लंड व वेल्सपुरते. हानिकारक कामाला कायमची संमती नाकारता येऊ लागली. मालकाला अपिलाची वाट राहिली. जाणूनबुजून नासधूस करणारा त्रयस्थही आता गुन्हेगार ठरू लागला. स्कॉटलंडने स्वतःचा कायदा २००४ साली केला.