चुलीचा कारभार आणि मुलांचे हात

इतिहास म्हटला की या परिसरात वसईचा किल्ला आठवतो, १७३९ सालची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. विरारच्या घरातली चूल कोणाला आठवत नाही. आज आम्ही त्या चुलीविषयीच बोलणार आहोत, आणि तेही मुलांच्या बाजूने. मुलांचे हात स्वयंपाकाला कोणी लावले, हा एक प्रश्न. आज काय शिजवायचे हे ठरवताना त्यांना कोणी विचारले, हा दुसरा. हे दोन्ही एकच आहेत असे समजले जाते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

वालाचे बिरडे घ्या. वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे आणि मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलायला घरातली सारी मुले ताटाभोवती बसत. परंतु बिरडे करायचे हा निर्णय आजीने दोन दिवस आधीच घेतलेला असे! उन्हाळ्यातले पापड आणि कुरडया यांची तीच तऱ्हा. कावळे हाकण्याची कामगिरी मुलांची, मोबदला म्हणून एखादी लाटी किंवा वाटीभर चीक. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची म्हणजे घरात माणसे हवीत, आणि मुले ही तर घरचीच माणसे. हात त्यांचे, कारभार दुसऱ्याचा.

कारभार मिळे तो फक्त भातुकलीत. तिथे सहा वर्षांची मुलगी यजमानीण असे. चुरमुऱ्यांचा भात आणि गुळाच्या पाण्याची आमटी, हा बेत तिचा एकटीचा. मुलगे बहुधा पाहुणे म्हणून येत आणि जेवून जात. पुढच्या आयुष्याची तालीम दोघांनाही इथेच मिळे. भोंडल्यात खिरापत ओळखायची असते. म्हणजे बेत काय असेल याचा तर्क करण्याची मुभा मुलींना होती, ठरवण्याची नव्हे.

लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले. त्यात हजार पाकक्रिया होत्या. आजीच्या हातात असलेले प्रमाण छापील पानावर आले, म्हणजे वाचता येईल त्याला ते शिकता येणार होते. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पुस्तकाच्या नावातच गृहिणी होती. शाळकरी मुलगा त्या पानांकडे कशाला वळतो?

तो वळला सेवाग्रामला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम देशापुढे आली. हिंदुस्तानी तालीमी संघाने सेवाग्रामात शाळा चालवली. आर्यनायकम् पतिपत्नी, आशादेवी आणि त्यांचे यजमान, यांनी ती वाढवली. तिथे स्वयंपाकघर हाच एक वर्ग होता. मुलगे आणि मुली पाळीपाळीने तो सांभाळीत. कोठीत धान्य किती, बागेत भाजी कोणती, खर्च किती करायचा आणि तेवढ्यात शरीराला लागणारे सारे ताटात कसे आणायचे, हा हिशेब मुलांनी बसवायचा. गणित आणि आरोग्यशास्त्र पुस्तकातून बाहेर काढून डाळीच्या डब्याशी नेण्याची ही कल्पना आम्हाला तिच्या सूतकताईपेक्षाही मोलाची वाटते, जरी गाजली ती सूतकताईच.

आता आमच्याच रेल्वेमार्गावर या. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई माँटेसोरीच्या वाटेने चालणाऱ्या. रोममध्ये १९०७ साली निघालेल्या त्या पहिल्या बालगृहातली चिमुरडी मुले टेबल मांडीत आणि सूप वाढीत, हे त्यांना ठाऊक. पण वारल्यांच्या पाड्यात त्यांना दिसले ते निराळेच. तिथल्या मुलांना घरकाम शिकवण्याची गरज नव्हती. घरकामामुळेच ती शाळेत येऊ शकत नव्हती. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली, मुलगा गुरांमागे गेलेला. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणणारी विकासवाडी निघाली, गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना स्वयंपाकात घ्या असे शहरात उत्साहाने सांगणाऱ्यांनी हा अनुभव जवळ ठेवावा. जिथे कामाचे ओझे आहे तिथे आधी ते उतरवावे लागते, तेव्हा कुठे त्याचे शिक्षण होते.

विरारची गोष्ट मात्र तिसरीच झाली. १८६७ च्या एप्रिलात इथून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, आणि हळूहळू घराचे जेवण गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. आधी पुरुष गेले, मग बायकाही नोकरीला जाऊ लागल्या. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये महिलांच्या डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्वयंपाकाचा जो भाग पूर्वी मुलांच्या हाती पडे, तोच नेमका आता दादर ते भाईंदरच्या दरम्यान उरकतो. घरी येते ती निवडलेली भाजी. वालाच्या ताटाभोवतीची बैठक मोडली ती अशी, कोणी न ठरवता.

परंतु त्याच डब्यातून कधी कधी घरी फोन जातो. “कुकर लाव,” असे सांगितले जाते. ही आज्ञा जुनीच. काही घरांत तिच्यापुढे एक वाक्य येते: “बाजारातूनच येते आहे, भाजी कोणती आणू?” पलीकडे दहा वर्षांचा मुलगा फ्रिज उघडून पाहतो आणि सांगतो, वांगी आहेत, कोथिंबीर संपली.