एकाचा नऊ

२००७ च्या मे महिन्यातली गोष्ट. अमेरिकेहून सुट्टीला आलेला माझा भाचा गुलमंडीवरच्या काकांच्या कापडाच्या दुकानात व्हिडिओ गेम खेळत बसला होता. हातात मावणारा गेम, पडद्यावर सुडोकू, आणि चौकटीत आकडा लिहायला प्लास्टिकची छोटी लेखणी. काका पेपरातलं सुडोकू रोज सोडवायचे. त्यांनी गेम मागून घेतला आणि झोकात एक लिहिला. पडद्यावर उमटला नऊ!

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. काकांनी सवयीनं मराठी १ काढला होता, आणि तो इंग्रजी नवासारखाच दिसतो.

खरं तर सुडोकूत हिशेब नाहीच. नऊ वेगळी चिन्हं असली की झालं. हे कोडं जपानी नव्हे, मूळचं अमेरिकी. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त आर्किटेक्टनं रचलेलं मानतात. 'नंबर प्लेस' नावानं ते १९७९ साली डेलच्या मासिकात आलं. १९८४ मध्ये जपानच्या निकोलीनं ते उचललं, तिथे सुडोकू हे नाव पडलं. २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं छापलं आणि जगाला वेड लागलं. २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या निन्टेंडो डीएसच्या 'ब्रेन एज'मध्येही ते होतं. गार्न्स मात्र १९८९ मध्येच वारले.

आकड्यांचा प्रवास याहून लांबचा. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, ब्राह्मी. सातवाहनांची राजधानी पैठण, आमच्या दुकानापासून पन्नासेक किलोमीटरवर. ब्राह्मी आकड्यांची एक शाखा देवनागरीत आली, दुसरी अरबांमार्फत युरोपात गेली. म्हणजे काकांचा १ आणि भाच्याच्या गेममधला एक हे चुलतभाऊच की!

हे सगळं मला तेव्हा कुठे माहीत होतं? काकांनी माळ्यावरून जुनी खतावणी काढली. भाच्याला त्यातली एकही बेरीज वाचता येईना. काका रागावले नाहीत. बिलाच्या पाठीवर त्यांनी मराठी आकड्यांत सुडोकू मांडलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. संध्याकाळपर्यंत पठ्ठ्यानं ते सोडवलं. चिन्हंच तर ओळखायची होती!

काका आता नाहीत. खतावण्या माझ्याकडे आहेत. घरात त्या वाचू शकणारे आम्ही तिघं. चौथा अमेरिकेत.