लिपीने माणूस बदलला का?

तंत्रज्ञान माणसाचा मूळ स्वभाव बदलू शकेल का, असा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे येतात. पण माणसाच्या विचारांत खोलवर शिरलेले एक तंत्र पाच हजार वर्षांचे जुने आहे. ते म्हणजे लेखन. लिहू लागल्याने स्मरणशक्ती दुबळी होईल, ही भीती प्लेटोने इ.स.पू. चौथ्या शतकातच 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी घातली होती.

प्रत्यक्ष पाहणी पुष्कळ उशिरा झाली. १९३१ व १९३२ साली रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातील खेड्यांत गेले. निरक्षर शेतकऱ्यांना ते एक कोडे घालत. दूर उत्तरेला, बर्फाच्या प्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेमल्या दूर उत्तरेला आहे. मग तिथली अस्वले कोणत्या रंगाची? बरेच जण म्हणत, आम्ही तिकडे गेलो नाही. न पाहिलेले कसे सांगावे? थोडेफार शिकलेले मात्र चटकन 'पांढरी' म्हणत. नव्या सामाजिक जीवनाने व साक्षरतेने विचारांची रीतच बदलते, असा निष्कर्ष लुरियांनी काढला.

पण हा बदल लिपीने घडवला की शाळेने? उझबेकिस्तानात दोन्ही एकदमच आली होती. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात वाई लोकांची स्वतःची लिपी आहे. ती शाळेत नव्हे, तर घरीदारी शिकतात व पत्रे, हिशेब यांसाठी वापरतात. सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनी त्यांची पाहणी १९८१ साली प्रसिद्ध केली. केवळ वाई लिपी जाणणारे अशा कोड्यांत निरक्षरांहून फारसे वेगळे ठरले नाहीत. फरक दिसला तो शाळेत गेलेल्यांत.

मग तर्कशक्ती शाळा देते का? तसेही नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्राझीलमधील शाळा न शिकलेल्या प्रौढांना अशीच कोडी घातली, पण ही गोष्ट दुसऱ्या ग्रहावरची आहे असे आधी सांगून. तेव्हा त्यांची उत्तरे अधिक तर्कशुद्ध आली. म्हणजे क्षमता होतीच. न पाहिलेली गोष्ट घटकाभर खरी मानून पुढे जायची सवय तेवढी नव्हती.

तंत्राने माणसाचे मूळ बदलले असे म्हणण्यास या उदाहरणात तरी आधार नाही. बदलतात त्या सवयी, आणि त्या आपण शिक्षक लावतो. 'एका हौदाला दोन नळ आहेत' म्हटल्यावर 'कुठल्या हौदाला?' असे विचारणारे मूल मंद नसते. 'समजा' म्हणजे काय, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते.