मिरजेहून एका दिवसात चांदोली : उन्हाळ्यात पाखरं बघायला जाताना हे माहीत असू द्या

मिरज : मे महिन्यात मिरजेत सकाळी दहालाच डांबर तापतं. एक दिवस सावलीला जायचं आणि पोरांना पाखरं पण दाखवायची, तर आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोली आहे. सांगली, पेठनाका, शिराळा असा रस्ता. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. थंड हवेचं ठिकाण ते नव्हे, पण दाट झाडी आणि वारणेचं पाणी यामुळे सकाळ-संध्याकाळ गारवा राहतो.

जंगल कोणतं?
१९८५ साली अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल ३१७ चौरस किलोमीटरचं आहे. २०१० पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. या जंगलासाठी आणि वारणा धरणासाठी अनेक गावं उठली, हे फिरायला जाणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

काय दिसतं?
- मलबारी राखी धनेश : हा फक्त पश्चिम घाटातच सापडतो. मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून फळं, किडे भरवतो. नर मेला की ढोलीतली मादी आणि पिल्लं अडचणीत येतात.
- शीळकरी कस्तूर : ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालतो. पाऊस जवळ आला की जास्त गातो.
- हरियाल : राज्यपक्षी. वड, उंबर पिकले की थव्यानं येतो.
- स्वर्गीय नर्तक : नराची शेपटी लांब फितीसारखी.
- पावशा : 'पेरते व्हा' म्हणणारा, शेतकऱ्याच्या ओळखीचा. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो.

वर बघत चाललात तर शेकरूही दिसेल. तो राज्यप्राणी.

जाताना
पहाटे चारलाच निघावं. पाखरं सकाळी नऊपर्यंत बोलतात, नंतर उन्हाला गप्प होतात. परवानगी, फी, गाडी आणि गाइडबद्दल वनविभागाकडे आधी चौकशी करावी. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. दुर्बीण, पाणी, डबा सोबत घ्यावा. कपडे मातकट किंवा हिरवे, भडक नकोत.

काय करू नये?
उन्हाळा हा बऱ्याच पाखरांचा विणीचा हंगाम. घरट्याजवळ जाऊन फोटो काढला तर आई-बाप घरट्यावर यायला बिचकतात, तेवढ्यात कावळा-साप डाव साधतो. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही वाईट. दुसरा नर आला समजून ते भांडायला धावतं, पिल्लांचा चारा राहतो. विडी-काडी तर अजिबात नको. वाळक्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा लागतो आणि जमिनीवरची घरटी आधी जळतात.

लांब जमत नसेल तर
मिरज तालुक्यातच भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे. तिथलं रान कोरडं, चांदोलीसारखं दाट नाही. पण उजाडताना गेलं तर मोर, सातभाई, बुलबुल, वेडे राघू सहज दिसतात. ऊन चढायच्या आत माणूस घरी परत येतो.